वन्संचं भाजलेलं बोट आणि बंद लॅपटॉप

तुझ्या बाबांची आत्या, म्हणजे माझी नणंद. अख्खी इमारत तिला टकटकआत्या म्हणते, मी वन्सं म्हणते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून वन्सं, आणि तोंडावर अजूनही 'अहो', 'तुम्ही'. आता तुला सांगताना 'ती' म्हणेन, ते तसंच लिही. तिला वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.

चौतीस वर्षं ती कोर्टात टायपिस्ट होती. साहेब बोलणार, वकील बोलणार, साक्षीदार रडत रडत बोलणार, आणि ही आपली खाली मान घालून टकटक टकटक. आधी लोखंडाचं मशीन होतं, मग कॉम्प्युटर आला. हिला काही फरक पडला नाही. एकदा मी विचारलं, "वन्सं, आज कसला खटला होता?" तर म्हणाली, "कुणास ठाऊक. अठ्ठावीस पानं होती." बघ म्हणजे! कानातून आत गेलेलं सरळ बोटांतून बाहेर. मध्ये डोक्यात टेकायलासुद्धा थांबत नाही.

त्यामुळे कुणी बोलायला लागलं की हिची बोटं हलायला लागतात. टेबलाच्या कडेवर, मांडीवर, पर्सवर. मयताच्या घरी गेलो तरी पदराखाली बोटं चालूच. एक स्थळ आलं होतं तिला. माणूस चांगला होता, पण बोलायचा फार थांबत थांबत. हिची बोटं आपली गुडघ्यावर अडकून बसलेली. शेवटी वैतागून हिनेच त्याचं वाक्य पुरं करून टाकलं. तो चहा अर्धा टाकून गेला तो गेलाच. मी म्हटलं, "अहो, बोलू द्यायचं होतं ना त्याला." तर म्हणते, "वहिनी, जन्मभर कोण वाट बघत बसणार?"

रिटायर झाल्यावर घरीच कामं घ्यायला लागली. कुणाचा अर्ज, कुणाचं उत्तर. त्यासाठी तो लॅपटॉप आणला. तिच्या कामाची एक रीत आहे, कोर्टातली. काम पुरं झाल्याशिवाय एकही पान हातात द्यायचं नाही. दुसरीकडे कुठे प्रत ठेवायची नाही. आणि ज्याचं काम त्याच्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही. मला तर अक्षर येतच नाही, आकडे तेवढे ओळखते, तरी मी टेबल पुसायला गेले की झाकण खाली. मी म्हणायचे, "मी काय वाचणार आहे, कपाळ?" तर म्हणायची, "नियम तो नियम."

आता आपल्या वरच्या मजल्यावर ती नर्स राहते ना, जिला आपण सिस्टर म्हणतो, तिच्यावर बालंट आलं. वॉर्डात एका म्हाताऱ्याला इंजेक्शनाचा डोस दुप्पट गेला. म्हातारा वाचला, पण चार दिवस घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाच्या हातून झालं? कागदावर सिस्टरची सही. सिस्टरचं म्हणणं, सही पहिल्या डोसाची आहे, दुसरा दिला तेव्हा मी पाळी संपवून घरी पोचले होते. पण ऐकतो कोण. तिला घरी बसवली आणि सांगितलं, काय म्हणायचं ते लेखी द्या. नाही दिलं तर नोकरी तर जाईलच, वर नर्सांच्या यादीतून नावही काढतील. म्हणजे परत कुठल्याच दवाखान्यात उभं करणार नाहीत. बावीस वर्षं रात्री-अपरात्री लोकांचं दुखणं-खुपणं काढलेली बाई ती.

तिने एकदा मुदत वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा मिळाली, पण शेवटची म्हणून. गुरुवार, संध्याकाळी पाच.

तीन आठवडे रोज यायची ती. इथे, या टेबलाशी. तिची एक छोटी डायरी होती, तिच्यात बघून सांगायची. कोण किती वाजता आलं, कपाटाची किल्ली कुणाकडे होती, फोन कुणी केला. वन्संची टकटक आणि मी मटार सोलत बसलेली. मग मध्येच दवाखान्याने ती डायरीही मागवून घेतली. सिस्टर म्हणाली, "आत्या, झालेली पानं तरी छापून द्या ना मला. जवळ असली म्हणजे धीर येतो."

वन्सं म्हणाली, "झालं की एकदम देईन. अर्धवट कागद माझ्या हातून जात नाही."

एक्केचाळीस पानं झाली. बुधवारी संपलं. गुरुवारी सकाळी एकदा वाचायचं, छापायचं, सह्या करायच्या, नेऊन द्यायचं. असं ठरलं.

आणि बुधवारी संध्याकाळी मी दूध तापत ठेवलेलं. ते वर आलं, मी ओरडले, ही धावली आणि झाकण उचललं. वाफ सगळी बोटावर. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. टम्म फोड. मलम लावलं, पट्टी बांधली. तेव्हा वाटलं, बोटच आहे, बरं होईल.

सकाळी नऊला ती लॅपटॉप उघडून बसली. तिचा लॅपटॉप बोट टेकवलं की उघडायचा. एवढासा चौकोन आहे कोपऱ्यात, त्यावर बोट ठेवायचं. तिने पट्टी बाजूला करून ठेवलं. नाही ओळखलं. पुसून ठेवलं. नाही. दुसरं बोट ठेवलं तर त्याची ओळखच दिलेली नव्हती. मग त्याने पासवर्ड मागितला.

"तर टाका की," मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, "वहिनी, तो मी एकदाच टाकला होता. आणला त्या दिवशी. सव्वा वर्ष झालं."

"मग आठवा."

"आठवतेच आहे."

तेवढ्यात सिस्टर खाली आली, नवी फाईल घेऊन, केस नीट बांधून. तिला सांगितलं तेव्हा ती हसली. खरंच हसली. तिला वाटलं गंमत करतोय. मग तिने वन्संचा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून बसली.

वन्संनी स्वतःची जन्मतारीख टाकली. नाही. आईचं नाव. नाही. कोर्टातल्या खोलीचा नंबर, पहिल्या मशीनचा नंबर. नाही, नाही. दर वेळी पडदा एकदा हलायचा आणि तशीच्या तशी ती मोकळी पट्टी. चुकल्यावर खाली काहीतरी उमटायचं. मी विचारलं, "ते काय लिहिलंय?"

सिस्टरने वाचलं, "आठवण करून द्यायला खूण. तुम्हीच लिहून ठेवलेली असते ही, आत्या."

"मग वाच ना!"

"लिहिलंय, 'मला माहीत आहे'."

मी कपाळावर हात मारला. "वाहवा! वन्सं, काय पण खूण ठेवलीत."

"तेव्हा माहीत होतं ना!" ती माझ्यावर खेकसली. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा.

आठ वेळा झालं तेव्हा सिस्टरने तिचा हात धरला. "आत्या, थांबा. खाली बघा काय आलंय. अजून दोनदाच टाकता येईल."

मग लॅपटॉप ज्याच्याकडून घेतला त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो दुसऱ्या कुणाकडे कामावर होता. येतो म्हणाला आणि आला एक वाजता. तोवर आम्ही तिघी त्या टेबलाशी. कुणी जेवलं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून तिघी घड्याळाकडेच बघत होतो. सिस्टर मध्येच म्हणाली, "परत सांगू का सगळं? भराभर टाईप होईल?" आणि सांगायला लागली, दुसऱ्या मिनिटाला अडकली. सव्वासहा होते की पावणेसात? डायरी तर दवाखान्यात. म्हणाली, "एक वेळ जरी चुकीची गेली ना, ते म्हणतील बाकीचंही खोटं." तिने वन्संकडे पाहिलं. "आत्या, तुम्हीच लिहिलंय सगळं. तुम्हाला थोडंतरी आठवत असेल?"

वन्संनी मान हलवली. "एक अक्षर नाही." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "तू रविवारी पानं मागितली होतीस. मी दिली नाहीत."

सिस्टरने नव्या फाईलची नाडी सोडली, परत बांधली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाला आला. पोट सुटलेला, घामाने भिजलेला, खांद्याला पिशवी. त्याने बसून पाहिलं, हे दाबलं, ते दाबलं.

"मी उघडून देऊ शकतो," तो म्हणाला, "पण नवाकोरा करून. आतलं सगळं जाईल."

"आतलंच तर हवंय!" मी म्हटलं.

"मावशी, यांनीच मला सांगितलं होतं घ्यायच्या वेळी. कोर्टाचे कागद असतात, कुणालाही उघडता येता कामा नये. दहा वेळा चुकलं की आतलं पुसलं जाईल असं करून द्या. मी तसं करून दिलं. आता मलाच उघडता येत नाही." तो वन्संकडे वळला. "बाई, नीट आठवा. पासवर्ड टाकताना तुमच्या मनात काय होतं?"

"मनात?" वन्संनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही त्याने वेड्यासारखं विचारलंय. "टाईप करताना मी मनात काही आणत नाही. मनात आलं की चूक होते."

आणि हे ऐकलं मात्र, माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी या बाईबरोबर चाळीस वर्षं राहतेय. तिने भावाला पत्र लिहायचं तरी मला म्हणायची, वहिनी, तू सांग. किराण्याची यादीसुद्धा मी बोलायचे, ती लिहायची. स्वतःच्या मनाने तिने कधी एक ओळ लिहिलेली मी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, "वन्सं, मनात काही नव्हतं ना? मग तेव्हा बोलत कोण होतं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि टेबलाच्या कडेवर तिची बोटं हलत होती. मी जे बोलले तेच टकटकवत होती. दुरुस्तीवाल्यानेही पाहिलं ते.

तो म्हणाला, "थांबा, थांबा. मी इथेच बसलो होतो. मी म्हटलं, अक्षरं पाहिजेत, आकडाही पाहिजे. बाई थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग मावशी खिडकीतून एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मी दचकलो. आणि बाईंनी फटाफट टाकलं. परत टाका म्हटलं, परत तस्संच टाकलं. मला वाटलं, ठरवूनच बसल्या असतील."

"मी काय ओरडले?"

"ते कसं आठवेल मावशी? अंड्यांचं काहीतरी होतं. खाली सायकल होती."

अंडीवाला! दर सोमवारी येतो आणि दर सोमवारी मी खिडकीतून तेच ओरडते. मी म्हटलं, "अहो सोपं आहे. 'बारा अंडी दे, फुटकं एकही नको.' टाका, वन्सं."

तिचा चेहरा एकदम उजळला. पट्टी बांधलेलं बोट वर धरून तिने बाकीच्या बोटांनी टाकलं. पडदा हलला. पासवर्डाची पट्टी परत मोकळी.

आता एकदाच.

सिस्टर उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अडीच वाजले होते.

"पट्टीमुळे चुकलं का?" दुरुस्तीवाला म्हणाला. "मी टाकू का, तुम्ही सांगा."

"तुम्हाला नाही जमणार. माझी शब्द जोडायची पद्धत वेगळी आहे." वन्सं डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "पट्टीमुळे नाही. त्या दिवशी आकड्यांच्या ओळीवर बोट एकदाच गेलं होतं. आत्ता दोनदा गेलं."

"म्हणजे बारा नव्हते?"

"वहिनी, एकच आकडा होता. सव्वा वर्षापूर्वी तू बाराच्या ऐवजी किती घेतलीस?"

आता मी काय सांगू! मी दिवसभर बोलत असते, एवढं बोलते की तुझे आजोबा म्हणायचे हिला रात्री कुलूप लावा. त्यातलं एक वाक्य शोधायचं. सहा? आठ? पाहुणे होते म्हणून नऊ? सिस्टर भिंतीकडून वळली. "काकू, घाई करू नका," ती म्हणाली, आणि स्वतः घड्याळाकडे बघितलं.

मी दुरुस्तीवाल्याला विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडे कोण कोण होतं?"

"तुम्ही दोघीच. चहा तुम्ही दिलात. मी म्हटलं काका कुठेत, तर तुम्ही आत निघून गेलात."

मग आलं मला ध्यानात. आजोबा तेव्हा दवाखान्यात होते. पहिल्या खेपेला, छातीत कळ आली त्या वेळी. मी दोन डबे करून नुकती परत आलेली. घरात खाणारं कोण, म्हणून निम्मी घेतली होती.

"सहा," मी म्हटलं. "सहा अंडी दे, फुटकं एकही..."

"नको!" वन्सं ओरडली. "असं सांगू नकोस मला. तू आत्ता शिकवल्यासारखं बोलतेस. त्या दिवशी तसं नव्हतं. मला सांगितलेलं नको, ओरडलेलं पाहिजे. जा, खिडकीत जा."

"खाली कुणी नाही."

"असू दे."

तिने पट्टी सोडली. बोट लालबुंद, कातडी सुटलेली. दुरुस्तीवाल्याने तोंड फिरवलं. तिने दहाही बोटं जागेवर ठेवली, ते भाजलेलंही, आणि डोळे मिटले.

मी खिडकीत गेले. गज धरले. खाली एक बाई फूटपाथवर थांबून फोनवर बोलत होती, बाकी काही नाही. मी घरचा विचार सोडला, सिस्टरचा सोडला. मी तो दिवस धरला. पायात गोळे आलेले, पिशवीत रिकामा डबा. आणि ओरडले. काय ओरडायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं:

"सहाच दे रे! हे घरी नाहीत! फुटकं एकही नको!"

मधलं ते मला ठाऊकच नव्हतं. 'हे घरी नाहीत' हे मी कुणाला सांगत होते देव जाणे, अंडीवाल्याला काय त्याचं. खालची बाई फोन कानाला धरूनच वर बघायला लागली. पण मागे टकटक चालू झालेली, आणि बाळा, माझं वाक्य संपायच्या आधीच ती टकटक संपली होती. तिची बोटं माझ्या पुढे गेली होती.

"दाबू?" वन्संनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

मग सिस्टर म्हणाली, "दाबा आत्या. माझं काम आहे, मी सांगते. दाबा."

मी मागे वळलेच नाही. मला दुरुस्तीवाल्याचा श्वास ऐकू आला, मोठ्याने सोडलेला. मग सिस्टर जमिनीवर बसल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेलं सगळं. वळून बघते तर पडद्यावर एक्केचाळीसावं पान.

पावणेतीनला छापायला घेतलं. वन्सं वाचल्याशिवाय देईना. मी म्हटलं, "अहो, द्या की आता!" तर म्हणे, "एक वेळ चुकीची गेली तर?" तर एक जण छापतोय, एक वाचतेय, एक सही करतेय, मी पानं लावतेय, खालचा आकडा बघून. अठरा आणि एकोणीसच्या मध्ये मी चुकले, परत लावली. चार वाजून दहा मिनिटांनी फाईल बांधली. दुरुस्तीवाल्याने सिस्टरला त्याच्या स्कूटरवर मागे बसवलं. वन्सं म्हणाली, "पोच घे. शिक्का आणि वेळ बघितल्याशिवाय हलू नकोस."

पाचला दहा कमी असताना फोन आला. शिक्का मिळाला.

आता एवढ्याने सगळं ठीक झालं असं नाही. दोन महिने काही नाही. चौकशीला तिला तीनदा बोलावलं. एकदा ती येऊन म्हणाली, सत्ताविसाव्या पानावर फार वेळ गेला. तिथे लिहिलं होतं की किल्ली तिने किती वाजता कुणाच्या हातात दिली आणि तेव्हा जिन्याजवळ वॉर्डातला पोऱ्या कुठली गाडी ढकलत होता. त्या पोऱ्याला बोलावून विचारलं. त्याने तीच वेळ सांगितली. वन्संना मी विचारलं, सत्ताविसावं पान आठवतं का? नाही म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नीट.

हो, आणि वन्संनी आपली रीत थोडी मोडली. आता रोजचं काम झालं की छापून बंद पाकिटात घालते आणि ज्याचं त्याला देते. बोटाला खूण राहिली. सिस्टरने त्या दिवसाबद्दल तिला एका शब्दाने विचारलं नाही, पण बरेच दिवस ती खाली आली की माझ्याशीच बोलायची. वन्सं ते बघायची आणि आपल्या कामाला लागायची.

मग एका दुपारी सिस्टर पाकीट घेऊन दारात उभी. फोडलेलं नव्हतं. माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ वन्संसमोर धरलं. "आत्या, तुम्ही वाचा."

वन्सं म्हणाली, "तुझं पत्र आहे. मी नाही वाचत."

"मी सांगतेय ना, वाचा."

वन्संनी चष्मा लावला. उभ्यानेच वाचलं, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग एकदा वरून खाली परत वाचलं. मला वाटलं आता माझाच जीव जाईल.

"सोमवारपासून रुजू," ती म्हणाली. "सकाळची पाळी. दोष नाही असं लिहिलंय. दोष नाही, असे स्पष्ट शब्द आहेत."

सिस्टरने पत्र परत घेतलं नाही. म्हणाली, "कुठे आहे तो शब्द, दाखवा मला," आणि वन्संच्या बाजूला सरकून बसली.